रिझर्व्ह संघाची बांधणी पन्नासच्या पुढच्या नंबरांपासून होते

ऑक्टोबर उजाडला की मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, पानं एकाच विषयानं भरतात. कोण कुठल्या क्लबात गेला, कोणाला नारळ मिळाला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणाची पाळी कितवी. हे सगळं एएफएल या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणाऱ्या वरच्या संघाबद्दल असतं. त्याच क्लबाचा जो राखीव संघ व्हीएफएल या खालच्या लीगमध्ये खेळतो, त्याच्या वाट्याला शेवटी दोन ओळी येतात. खरी उलथापालथ मात्र तिथेच होते. वरच्या संघाच्या यादीत एका वर्षात सात-आठ नावं बदलली तरी मोठा बदल म्हणतात. राखीव संघात मार्चमध्ये मैदानावर उतरणाऱ्यांपैकी निम्मे चेहरे नवे असणं नेहमीचंच आहे.

आधी हे समजून घ्यायला हवं की राखीव संघात दोन प्रकारचे खेळाडू एकच जर्सी घालून खेळतात. पहिले एएफएलच्या यादीतले, म्हणजे पूर्णवेळ पगारी, पण त्या आठवड्यात वरच्या संघात जागा न मिळालेले. दुसरे फक्त व्हीएफएलच्या यादीतले. ते दिवसा सुतारकाम, वायरिंग, शाळेत शिकवणं असं काही करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. पहिल्यांचं भवितव्य क्लबाचा लिस्ट मॅनेजर ठरवतो आणि त्यात राखीव संघाच्या प्रशिक्षकाला फारसं विचारलं जात नाही. त्याच्या हातात उरतात ते दुसरे. म्हणून राखीव संघाचा ऑफ-सीझन कसा गेला हे बघायचं असेल तर या दुसऱ्या यादीकडे बघा.

आता गणित. एएफएल क्लबाच्या मुख्य यादीत ३६ ते ३८ आणि रूकी, म्हणजे शिकाऊ, यादीत ४ ते ६ असे मिळून ४२ खेळाडू असतात. दुसऱ्या खेळातून आलेले किंवा क्लबाच्या अकादमीत घडलेले ‘बी’ वर्गाचे दोन रूकी धरले तर ४४. सामन्याच्या दिवशी वरच्या संघात २३ जातात, उरले २१. जून-जुलैमध्ये नऊ जण जखमी असणं अगदी साधं आहे, म्हणजे १२. एकाला मागच्या शनिवारी डोक्याला मार बसलाय. एएफएलच्या नियमानुसार तो बाराव्या दिवसाआधी खेळू शकत नाही, म्हणजे पुढचा शनिवार गेलाच. एक जण वरच्या संघाचा इमर्जन्सी, म्हणजे आयत्या वेळचा बदली, म्हणून राखून ठेवलाय. उरले दहा. संघ उभा करायला २२ तरी हवेत. म्हणजे बारा जण व्हीएफएलच्या यादीतून.

तेच एप्रिलच्या एखाद्या आठवड्यात जखमी फक्त तीन असतात आणि वरून १७-१८ जण खाली येतात. मग बाहेरून चार-पाचच लागतात. यादी वीस जणांची असेल तर त्या आठवड्यात पंधरा जणांना आपापल्या उपनगरी क्लबाकडून खेळायला परत पाठवावं लागतं, आणि दोन महिन्यांनी त्यांनाच फोन करून बोलवावं लागतं. कधी पाच, कधी बारा, आणि कधी किती हे गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. ऑफ-सीझनमधलं सगळं नियोजन या एका अडचणीभोवती फिरतं. ज्यांना ती उमगलेली नसते ते ऑक्टोबरमध्ये ‘चांगले खेळाडू’ गोळा करतात. ज्यांना उमगलेली असते ते जागा मोजतात.

जागा मोजायच्या म्हणजे काय, ते रकमनच्या उदाहरणावरून बघू. पंच चेंडू मध्यभागी वर टाकतो (२०२६ च्या आधी उसळवायचा, म्हणून त्याला बाउन्स म्हणतात), तेव्हा त्यासाठी उडी मारणारा तो उंच गडी. एएफएल क्लब साधारण तीन रकमन ठेवतो. पहिला वरच्या संघात, दुसरा राखीव संघात, तिसरा बहुतेक वेळा १८-१९ वर्षांचा पोरगा, उंची २०२ सेंटीमीटर आणि अंगावर मांस नाही. मे महिन्यात पहिल्याचा घोटा मुरगळतो, दुसरा वर जातो, आणि त्या रविवारी हा पोरगा पोर्ट मेलबर्न किंवा विल्यमस्टाउनच्या अठ्ठावीस वर्षांच्या, शंभर किलोच्या वर वजनाच्या रकमनसमोर उभा राहतो. मधल्या वर्तुळातल्या उडीत गुडघ्यावर गुडघा आदळून मागचा लिगामेंट फाटण्याचे प्रकार एके काळी इतके वाढले होते की २००५ मध्ये दहा मीटरचं बाहेरचं वर्तुळ आखून रकमनची धाव त्यातच बांधली गेली. त्यानं इजा कमी झाल्या, पण ताकदीतला फरक वर्तुळ आखून मिटत नाही. पोरगा प्रत्येक बाउन्सला मागे ढकलला जातो, चेंडू समोरच्यांच्या मिडफिल्डकडे जातो, आणि ज्या तरुण मिडफिल्डरांना शिकवण्यासाठी हा संघ चालवायचा ते चारही क्वार्टर चेंडूमागे पळत राहतात. रकमन कच्चा असला की अख्ख्या मिडफिल्डचं वर्ष वाया जातं.

म्हणून व्हीएफएलच्या यादीत पहिलं नाव पंचवीस ते तीस वयाच्या, अंगानं भरलेल्या रकमनचं हवं. एएफएलमध्ये जायची त्याची आशा संपलेली असली तरी चालेल. त्यानं सुरुवातीचे बाउन्स अंगावर घ्यायचे आणि पोराला फॉरवर्ड लाइनमधून हळूहळू मधे आणायचं. पहिल्या महिन्यात पोराला क्वार्टरमागे पाच-सहा मिनिटं मधे, जूनपर्यंत निम्मा वेळ. ही विभागणी नोव्हेंबरमध्येच त्या मोठ्या रकमनला स्पष्ट सांगावी लागते. मी मुख्य रकमन आहे अशा समजुतीनं आलेला माणूस मेमध्ये बाकावर बसला की सोडून जातो.

दुसरी जागा उंच बचावपटूची. तरुण उंच मुलं बहुतेक फॉरवर्ड म्हणून ड्राफ्ट होतात, त्यामुळे राखीव संघात पुढे तिघं उंच आणि मागे कोणीच नाही अशी स्थिती सारखी येते. मग १८८ सेंटीमीटरच्या मुलाला १९८च्या माणसावर उभं करतात, त्याच्यावर सात गोल होतात, आणि त्याच्या नावासमोर ‘वन ऑन वनमध्ये कमजोर’ असा शेरा पडतो. तो शेरा त्याला वर्षभर पुरतो. चूक त्याची नसते, यादी बनवणाऱ्याची असते.

तिसरी जागा कप्तानाची. एएफएलच्या यादीतला कोणी राखीव संघाचा कप्तान केला तर दोन शक्यता असतात. तो चांगला खेळला तर वर जातो, आणि वाईट खेळला तर ऑक्टोबरमध्ये काढला जातो. दोन्हीकडे संघ कप्तानाविना राहतो. म्हणून बहुतेक क्लब व्हीएफएलच्या यादीतला, तिथे तीन-चार वर्षं रुळलेला माणूस कप्तान करतात. त्याचं काम भाषण देणं नव्हे. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना मागची फळी किती मीटर वर यायची, कोण सुटा आहे, कोणाला श्वास लागलाय, हे ओरडून सांगत राहणं हे त्याचं काम. असा माणूस ऑफ-सीझनमध्ये निवृत्त झाला आणि त्याच्या जागी तसाच आणला नाही, तर बातमीत ती ओळही येत नाही. एप्रिलमध्ये मात्र संघ का ढासळतोय हे कोणालाच कळत नाही.

आता तारखांकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे होतो. व्हीएफएलचा अंतिम सामना एएफएलच्या अंतिम सामन्याच्या सुमारे आठवडाभर आधी, सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास अदलाबदलीचा काळ, मग यादीतून नावं कमी करणं, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय ड्राफ्ट, लगोलग रूकी ड्राफ्ट. म्हणजे आपल्याकडे एएफएलचे किती मिडफिल्डर, किती उंच गडी असतील हे राखीव संघाच्या प्रशिक्षकाला नोव्हेंबरअखेर कळतं. पण चोवीस वर्षांचा चांगला उपनगरी खेळाडू नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही. त्याच्या स्थानिक क्लबाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच हो किंवा नाही हवं असतं, आणि व्हिक्टोरियातल्या उपनगरी आणि ग्रामीण लीगमधले क्लब एका सामन्याचे जे पैसे देतात ते व्हीएफएलपेक्षा सर्रास जास्त असतात.

इथे बहुतेकजण एक चूक करतात. हंगामात १८ सामने आहेत, तुला बहुतेक सगळे मिळतील, असं सांगून टाकतात. मग ड्राफ्टमध्ये क्लब चार मिडफिल्डर घेतो आणि त्या बिचाऱ्याला मेअखेर पाच सामने मिळालेले असतात. तो जातो, आणि जाताना पुढच्या वर्षी येऊ शकणाऱ्या चौघांना सांगून जातो. फोनवर सामन्यांचा आकडा देऊच नये. जागा सांगावी, त्या जागेवर सध्या पुढे कोण-कोण आहेत ते नावानिशी सांगावं, आणि ड्राफ्टनंतर दोन दिवसांत पुन्हा फोन करून बदललेली स्थिती सांगावी. ज्या आठवड्यात निवड होणार नाही त्या आठवड्यात तो कुठल्या स्थानिक क्लबाकडून खेळेल हेही तेव्हाच, त्या क्लबाच्या प्रशिक्षकाशी बोलून ठरवून ठेवावं. हे काम कंटाळवाणं आहे आणि याचं कौतुक कोणी करत नाही, पण जुलैमध्ये बारा जण लागतात तेव्हा हेच फोन उपयोगी पडतात.

ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेली अठरा वर्षांची मुलं हा दुसरा झरा. टॅलेंट लीग या तरुण मुलांच्या लीगमध्ये व्हिक्टोरियाचे बारा विभागीय क्लब आहेत आणि प्रत्येकाकडे अशी मुलं दरवर्षी उरतात. रूकी ड्राफ्ट संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे फोन खणखणतात. मुलगा तेव्हा खचलेला असतो, आई-वडील गोंधळलेले असतात, आणि जो पहिला फोन करेल त्याला हो म्हणण्याकडे कल असतो. मला वाटतं, वीस जणांच्या यादीत अशी पाच मुलं पुरे. त्याहून जास्त घेतली तर एएफएलची पोरं आणि ही पोरं मिळून संघच पोरांचा होतो, आणि त्यांना उभं राहायला मोठा माणूस शेजारी मिळत नाही. आठ-नऊ जण २१ ते २४ वयाचे आणि पाच-सहा त्याहून मोठे, हे प्रमाण मला योग्य वाटतं.

या यादीतून वर जाता येतं, आणि ही खोटी आशा नाही. बेली फ्रिट्श २०१७ मध्ये मेलबर्न क्लबाशी जोडलेल्या केसी डेमन्सच्या व्हीएफएल यादीत होता. त्याच वर्षी मेलबर्ननं त्याला ड्राफ्टमध्ये ३१ व्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२१ च्या अंतिम सामन्यात त्यानं सहा गोल मारले. विल्यमस्टाउनचा मायकेल गिबन्स व्हीएफएलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून दोन वेळा लिस्टन ट्रॉफी जिंकूनही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. २०१९ च्या हंगामाआधी कार्लटननं त्याला पूरक निवडीतून घेतलं. ड्राफ्ट आटोपल्यावर यादीत एखादी जागा मोकळी राहिली असेल, किंवा कोणाचा गुडघा डिसेंबरात गेला असेल, तर हंगाम सुरू व्हायच्या आधी बाहेरच्या खेळाडूला काही आठवडे सरावाला बोलवून, पारखून करारबद्ध करता येतं. राखीव संघाच्या दृष्टीनं ही दुधारी सोय आहे. आपल्या चांगल्या माणसाला आपल्याच क्लबानं घेतलं तर तो बहुधा आपल्याकडेच खेळत राहतो. दुसऱ्यानं घेतलं तर फेब्रुवारीत आपल्या मिडफिल्डला भोक पडतं आणि तोवर बाजारात कोणी उरलेलं नसतं. म्हणून ज्याच्याकडे इतरांची नजर आहे त्याच्या जागेवरचा दुसरा माणूस डिसेंबरमध्येच तयार हवा. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरही ड्राफ्ट असतो, त्यामुळे ही तयारी मेअखेरपर्यंत धरून चालावी लागते.

त्या २०१९ च्या मध्य-हंगामी ड्राफ्टचं उदाहरण फुटी बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मार्लियन पिकेट वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या साउथ फ्रीमँटल क्लबातून रिचमंडमध्ये आला, सप्टेंबरमध्ये रिचमंडच्या राखीव संघानं विल्यमस्टाउनला तीन गुणांनी हरवून व्हीएफएल जिंकली तेव्हा सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म गॉस पदक त्याला मिळालं, आणि पुढच्याच आठवड्यात एएफएलच्या अंतिम सामन्यात त्यानं पदार्पण केलं. अंतिम सामन्यात पदार्पण १९५२ नंतर कोणी केलं नव्हतं. लोकांना त्यातली परीकथा आठवते. मला त्यामागे दिसते ती वर आणि खाली एकाच पद्धतीनं खेळवली गेलेली व्यवस्था. वरच्या संघाची रचना, इशारे, जागा सगळं खालीही तसंच नसतं, तर इतक्या मोठ्या सामन्यात नवखा माणूस हरवून गेला असता.

ही एकसारखी भाषा शिकवणं हे ऑफ-सीझनचं सर्वांत अवघड काम आहे, कारण जे एकत्र खेळणार ते एकत्र सरावच करत नाहीत. एएफएलचे पहिल्या ते चौथ्या वर्षातले खेळाडू नोव्हेंबरच्या पूर्वार्धात परततात, बाकीचे महिनाअखेर, आणि त्यांचा सराव सकाळी असतो. व्हीएफएलवाले संध्याकाळी साडेपाच-सहाला येतात, तोवर एएफएलवाले घरी गेलेले असतात. मग मार्चच्या पहिल्या सराव सामन्यात काय होतं ते एका किक-इनवरून, म्हणजे गोलसमोरून चेंडू पुन्हा खेळात आणण्यावरून, दिसतं. समोरच्यांचा बिहाइंड, म्हणजे गोल थोडक्यात हुकून एकच गुण, झाला, आपला बचावपटू चेंडू घेऊन गोल स्क्वेअरमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, आहे. २०१९ पासून त्याला आधी स्वतःला किक न मारता थेट पळत सुटता येतं, आणि २०२१ पासून समोरचा पहारेकरी गोल स्क्वेअरच्या टोकापासून १५ मीटरवर उभा राहतो. त्यामुळे पहिल्या तीन सेकंदांत बरंच मैदान हाती लागतं. पूर्णवेळ खेळाडूंनी हे शंभरदा केलेलं असतं. तो बोटांनी खूण करतो आणि डावीकडे पळतो. मधला उंच गडी समोरच्याला ओढत उजवीकडे जातो. आता डाव्या विंगवाल्यानं सीमारेषेला चिकटून ४५ मीटरवर हवं. तो व्हीएफएलचा आहे, त्याला खूण माहीत आहे, पण ती खूण त्यानं पाटीवर पाहिलीय, पायांनी केलेली नाही. तो एका श्वासाइतका उशिरा निघतो आणि पाच मीटर आत थांबतो. चेंडू त्याच्या डोक्यावरून नाही, त्याच्या आणि पहारेकऱ्याच्या मधे पडतो, समोरचा उचलतो, आणि रिकाम्या गोलवर सहा गुण.

यावर उपाय एकच आहे आणि तो वेळापत्रकाचा आहे. आठवड्यातला एक मुख्य सराव संध्याकाळी ढकलायचा आणि दोन्ही गटांना त्यात मिसळून उभं करायचं, जानेवारीपासून नव्हे, डिसेंबरपासूनच. पूर्णवेळवाल्यांना ते आवडत नाही, त्यांचा दिवस मोडतो. तरी ते करायला हवं. खुणा पाचच ठेवाव्यात. वरच्या संघाकडे दहा असल्या तरी खाली पाच, पण त्या तंतोतंत त्याच. चित्रफीत द्यायची तर तीन-चार मिनिटांची, फोनवर, कामावरून ट्रेननं येताना बघता येईल अशी. चाळीस मिनिटांची फीत सुतार माणूस बघत नाही आणि त्यानं बघावी अशी अपेक्षाही ठेवू नये.

शरीराच्या तयारीतही हीच दुफळी आडवी येते. वर्तमानपत्रांना दोन किलोमीटरच्या धावेचं भारी वेड. सहा मिनिटांच्या आसपास आला तर उत्तम, साडेसहा चांगलं, उंच गड्याला सातच्या वर गेलं तरी चालतं. पण राखीव संघाचा हंगाम त्या धावेवर ठरत नाही, तो हॅमस्ट्रिंग आणि जांघेवर ठरतो. जो माणूस दिवसभर मचाणावर उभा राहून येतो त्याला पूर्णवेळ खेळाडूचा कागद हातात दिला की तिसऱ्या आठवड्यात काहीतरी फाटतं. सुरुवातीला तीन सत्रं मिळून पंधरा-सोळा किलोमीटर आणि दर आठवड्याला दहाएक टक्क्यांनीच वाढ, हा सावध हिशेब बरा. त्यात एक गोष्ट मात्र पहिल्यापासून हवी, आठवड्यातून एकदा पूर्ण वेगाची धाव. चाळीस मीटरच्या चार-पाच, मधे भरपूर विश्रांती. जे डिसेंबरभर फक्त लांब-लांब मध्यम वेगानं धावतात, त्यांचा हॅमस्ट्रिंग फेब्रुवारीच्या पहिल्या सामन्यात, पहिल्याच खऱ्या स्प्रिंटला जातो. नॉर्डिक व्यायाम, म्हणजे गुडघ्यांवर बसून जोडीदारानं घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं, हा या दुखापतीवर सिद्ध झालेला उपाय आहे. पण पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, सहा-सहाचे दोन. उत्साहात पहिल्याच दिवशी दहाचे तीन केले तर दोन दिवस जिना उतरता येत नाही, आणि मग तो व्यायाम लोक कायमचा सोडतात.

किक मोजणं तर फार थोडे लोक करतात. लांब, पूर्ण ताकदीच्या किका नोव्हेंबरमध्ये एका सत्रात तीस-चाळीस, नाताळपर्यंत ऐंशीच्या घरात. सरावानंतर गोलसमोर उभं राहून आणखी पन्नास मारणारा मुलगा मेहनती दिसतो, पण जानेवारीत मांडीचा पुढचा स्नायू किंवा जांघेतलं हाड धरून बसतो, आणि ते जांघेचं दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. त्याला चेंडू हातातून काढून घेऊन घरी पाठवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे.

आणि मैदान. मराठी वाचकाला हे चटकन समजेल. मेलबर्नची बहुतेक ओव्हल मैदानं उन्हाळ्यात क्रिकेटची असतात. ऑक्टोबर ते मार्च मधोमध खेळपट्टी, तिच्याभोवती दोरी, शनिवारी सामने. त्यामुळे स्वतंत्र व्हीएफएल क्लबांना पुष्कळदा स्वतःच्या मैदानावर मार्चपर्यंत पूर्ण सराव करताच येत नाही. ते शाळांची किंवा कौन्सिलची दुसरी मैदानं धरतात. एएफएल क्लबांच्या राखीव संघांना ही अडचण कमी. मार्चमध्ये खेळपट्टीवर माती-गवत टाकून तिचा मऊ भाग केला जातो, पण पहिले काही आठवडे तो पट्टा बाकीच्या मैदानापेक्षा वेगळा लागतो. बूट कडक मातीत रुततो किंवा सैल गवतावर घसरतो. मधल्या वर्तुळातच हे असल्यानं रकमन आणि मिडफिल्डरच त्यावर सारखे वळतात. पहिल्या तीन फेऱ्यांत छोट्या मोल्डेड स्टडचे बूट घाला, लांब स्टड मे महिन्यातल्या चिखलासाठी ठेवा, हे सांगावंच लागतं.

प्रशिक्षकांची अदलाबदल हाही ऑफ-सीझनचाच भाग. एएफएलनं फुटबॉल विभागावरच्या खर्चाची मर्यादा २०२१ च्या हंगामासाठी सुमारे ९७ लाख डॉलरवरून ६२ लाखांवर आणली, तेव्हा अनेक ठिकाणी दोन माणसांचं काम एकाकडे आलं. राखीव संघाचा प्रशिक्षक एरवीही वरच्या संघात विकासाचं किंवा एखाद्या फळीचं काम बघतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तोही बाजारात असतो. रिचमंडचा २०१९ चा व्हीएफएल विजेता संघ घडवणारा क्रेग मॅक्रे पुढे कॉलिंगवुडचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२३ ला त्यानं एएफएल जिंकली. सॅम मिचेल २०२१ मध्ये हॉथॉर्नशी जोडलेल्या बॉक्स हिल हॉक्सचा प्रशिक्षक होता, पुढच्याच वर्षी हॉथॉर्नचा. ही जागा शिडीची पायरी आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण दरवर्षी प्रशिक्षक बदलला तर व्हीएफएलच्या यादीतल्या माणसाला ओळखणारं क्लबात कोणी उरत नाही. तो दुवा ऑपरेशन्स मॅनेजर किंवा जुन्या टीम मॅनेजरनं धरून ठेवावा लागतो. कोण रात्रपाळी करतो, कोणाला बाळ झालंय, कोणाला गुरुवारी येता येत नाही हे त्यालाच माहीत असतं.

बाकीच्या राज्यांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. वेस्ट कोस्ट ईगल्सचा राखीव संघ २०१९ मध्ये डब्ल्यूएएफएल या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये आला. तिथे बाकीचे नऊ क्लब आपापल्या विभागातली मुलं राखून असतात, त्यामुळे ईगल्सना पूरक खेळाडू बहुतेक हौशी लीगमधून आणावे लागतात. जखमींची यादी लांबली की त्याचा परिणाम लगेच गुणफलकावर दिसतो. फ्रीमँटलनं तो त्रास टाळला. २०१४ पासून त्यांचे खेळाडू त्याच लीगमधल्या पील थंडर या क्लबाकडून खेळतात. पीलचा स्वतःचा विभाग, स्वतःचे मोठे माणूस आहेत, आणि २०१६ व २०१७ अशी दोन सलग विजेतेपदं त्यांनी त्यातून काढली. ॲडलेड क्रोज आणि पोर्ट ॲडलेडचे राखीव संघ २०१४ पासून एसएएनएफएल या साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळतात. २०२१ मध्ये सिडनी, जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी), ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टचे राखीव संघ व्हीएफएलमध्ये आल्यावर विमानप्रवास आला. नोकरी करणाऱ्या खेळाडूला एका बाहेरच्या सामन्यासाठी रजा काढावी लागते, त्यामुळे यादी बनवताना मालक शुक्रवारी सोडतो का, हे विचारणं आता उंची-वजनाइतकंच गरजेचं आहे.

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या भागांत आता पुष्कळ मराठी घरं आहेत, आणि तिथून वेरिबी या व्हीएफएल क्लबाचं मैदान, चर्नसाइड पार्क, जवळ आहे. वेरिबी २०१७ पर्यंत नॉर्थ मेलबर्नशी जोडलेला होता, मग स्वतंत्र झाला, आणि २०२४ मध्ये त्यानं १९९३ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. स्वतंत्र क्लबाची यादी सगळी स्वतःची, मार्चमध्ये ठरलेला संघ जुलैमध्येही बराचसा तोच. समोर एखाद्या एएफएल क्लबाचा राखीव संघ आला की हा फरक डोळ्यांनी दिसतो.

तो मोजायचा असेल तर जर्सीच्या पाठीवरचे नंबर बघा. एएफएलच्या यादीतल्यांचे नंबर सहसा पन्नासच्या आत असतात, व्हीएफएलच्या यादीतल्यांना पुढचे मिळतात, ५३, ६१, ७०. पहिल्या फेरीत पन्नासच्या पुढचे किती आहेत ते टिपून ठेवा, आणि दहाव्या फेरीत पुन्हा मोजा. बाउन्सला कुठला नंबर उडी मारतोय, मागच्या फळीत हात वर करून इतरांना सरकवणारा कुठल्या नंबरचा आहे, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये २ किंवा ९ नंबरचा मुलगा कोणाकडे बघून आपली जागा ठरवतोय, तेही बघा.